पुदुच्चेरीचा बीच रोड: कोकणातल्या सवयी बाजूला ठेवून कसा फिरायचा

पुदुच्चेरीहून परतलेल्या मराठी मंडळींकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: "समुद्र छान आहे, पण सूर्यास्त काही दिसला नाही." दुसरी तक्रार उन्हाची, तिसरी वाळूची, चौथी पोलिसांनी गाडी वळवायला लावली त्याची. चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण पश्चिम किनाऱ्याची माणसं. समुद्रात सूर्य बुडतो, जूनमध्ये पाऊस येतो, ओहोटीला वाळू उघडी पडते आणि संध्याकाळी गाडी किनाऱ्याला लावून खाली उतरायचं, हे आपण लहानपणापासून धरून चाललेलो असतो. पूर्व किनाऱ्यावर यातलं काहीच लागू पडत नाही.

बीच रोड म्हणजे गुबेर अव्हेन्यू. सुमारे दीड किलोमीटरचा, उत्तर-दक्षिण जाणारा सरळ रस्ता. पूर्वेला बंगालचा उपसागर, पश्चिमेला जुनी फ्रेंच वस्ती, म्हणजे व्हाइट टाउन. नुसता चालून जायचा तर वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, म्हणून लोक तो "वाटेत उरकून घेऊ" म्हणतात आणि तिथेच चुकतात. या रस्त्याला दोन फेऱ्या द्याव्या लागतात, एक पहाटे आणि एक संध्याकाळी. मधला दिवस त्याच्यापासून लांब राहायचं. पुढची सगळी तयारी या एका गोष्टीसाठी आहे.

## १. तारीख ठरवणं: पावसाळा उलटा आहे

आपल्याकडे दिवाळीची सुट्टी म्हणजे स्वच्छ आभाळ. पुदुच्चेरीत तोच पावसाळ्याचा ऐन भर असतो. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पडतो आणि चक्रीवादळंही बहुधा याच काळात येतात. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल वादळ पुदुच्चेरीजवळच किनाऱ्यावर आलं आणि शहराच्या सखल भागांत पाणी शिरलं. दिवाळीचं बुकिंग करणाऱ्यांना हे आधी माहीत असायला हवं.

सगळ्यात चांगला काळ जानेवारी ते मार्चचा मध्य. हवा कोरडी, पहाटे किंचित गारवा आणि आभाळ मोकळं असण्याची शक्यता जास्त. एप्रिल-मेमध्ये फेरी होते, पण ती पहाटे लवकर आणि रात्रीच. मे महिन्यातल्या कडक उन्हाच्या दिवसांना तमिळमध्ये 'अग्नि नक्षत्रम्' म्हणतात, त्यावरून काय ते समजून घ्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडे झड लागलेली असते, तेव्हा तिथे दिवस तापलेले आणि अधूनमधून संध्याकाळी किंवा रात्री गडगडाटी सर. या काळात पहाट सहसा कोरडी मिळते, संध्याकाळचा भरवसा धरू नये.

गर्दीच्या तारखाही पाहून ठेवा. ३१ डिसेंबरची रात्र कुटुंबासोबत तिथे काढू नये, असं मी स्पष्ट सांगेन. रस्ता माणसांनी भरतो, मुलांचा हात सुटतो आणि परतीला वाहन मिळत नाही. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि श्री अरविंदांचा जन्मदिवस एकत्र येतात, त्यामुळे आश्रमाच्या आसपासच्या खोल्या फार आधी भरतात. फेब्रुवारी-मार्चच्या पौर्णिमेच्या सुमाराला मासी मगम असतो. त्या दिवशी बीच रोडच्या उत्तरेला वैत्तिकुप्पमच्या किनाऱ्यावर देवांच्या मूर्ती तीर्थस्नानाला आणतात. पाहण्यासारखा सोहळा आहे, पण शांत फेरफटका हवा असेल तर तो दिवस टाळा.

तपासा: ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जात असाल तर निघण्याआधी पाच दिवसांपासून हवामान खात्याचा अंदाज रोज पाहा. खोली अशी घ्या की रद्द करता येईल.

## २. पंचांग उघडा: सूर्यापेक्षा चंद्र महत्त्वाचा

समुद्रातून सूर्य उगवतो तो पहाटे. मुंबई-पुण्याच्या सवयीने गजर लावला तर तो चुकतो, कारण पुदुच्चेरी आपल्यापेक्षा बरीच पूर्वेला आहे. जानेवारीत मुंबईत सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला, तिथे साडेसहाच्या आसपास. जूनमध्ये तिथे पावणेसहा. संध्याकाळही लवकर होते. नोव्हेंबरात पावणेसहाच्या आधीच सूर्य गेलेला असतो, आणि तो शहरामागे, इमारतींच्या आड मावळतो. विषुववृत्ताच्या जवळ संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. सूर्य गेल्यावर वीस-बावीस मिनिटांत अंधार.

मग संध्याकाळी पाहायचं काय? चंद्रोदय. पौर्णिमेला सूर्य शहरामागे जातो त्याच सुमाराला चंद्र समुद्रातून वर येतो. पण पौर्णिमेच्या दिवशी उजेड पुरता गेलेला नसतो, त्यामुळे चंद्र फिकट वाटतो. माझ्या मते खरी संध्याकाळ पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेची. चंद्र साधारण पाऊण तास उशिरा, अंधार पडल्यावर उगवतो. आधी क्षितिजावर तांबूस डाग, मग लालसर गोळा, मग पाण्यावर चकाकती वाट. द्वितीयेला आणखी उशीर, तरीही बसून पाहता येतो. आपल्या किनाऱ्यावर चंद्र असा पाण्यातून वर येताना दिसत नाही. शक्य असेल तर तारीख या दोन तिथींवरच बेतावी.

कोकणातला भरतीचा ठोकताळा (तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं) इथे वापरू नका. तो आपल्या किनाऱ्यापुरता आहे. तसंही पुदुच्चेरीत भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. मुंबईला उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरहून अधिक चढतं. त्यामुळे "ओहोटीला जाऊ, वाळू मिळेल" हा हिशेब इथे जमत नाही. या किनाऱ्यावर समुद्र कसा आहे ते भरतीपेक्षा वारा आणि लाटा ठरवतात.

## ३. पोचणं: दुपारी नव्हे, आदल्या संध्याकाळी

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने साधारण दीडशे किलोमीटर, तीन ते साडेतीन तास. बहुतेक जण सकाळी निघून, वाटेत महाबलीपुरम करून, भर बारा-एकला पुदुच्चेरीत उतरतात आणि हौसेने थेट बीच रोडवर जातात. या प्रवासातली ही सगळ्यात वाईट वेळ आहे. काळे दगड तापलेले असतात, सावली नसते, रस्त्यावर वाहनं असतात. "एवढंच?" म्हणून लोक दहा मिनिटांत परत फिरतात आणि कायमचं नाराज होतात.

क्रम असा ठेवा: चार ते सहाच्या दरम्यान शहरात पोचा, सामान टाका, संध्याकाळी हलका फेरफटका मारा, लवकर झोपा. मुख्य फेरी दुसऱ्या पहाटे.

दादरहून पुदुच्चेरीपर्यंत थेट गाडी आहे, पण ती रोज नसते आणि प्रवासाला सुमारे दीड दिवस लागतो. थेट गाडी जुळली नाही तर विळुप्पुरम जंक्शनला उतरून पुढचे चाळीसेक किलोमीटर बसने किंवा लोकलने जाता येतं. तिकीट काढताना स्टेशनचं नाव 'पुदुच्चेरी' आहे हे लक्षात ठेवा, 'पाँडिचेरी' शोधून गोंधळ होतो. स्टेशन शहराच्या दक्षिण टोकाला, सेक्रेड हार्ट बॅसिलिकाच्या जवळ आहे आणि तिथून बीच रोडचं दक्षिण टोक चालत जाण्याइतकं जवळ. बस स्थानक मात्र पश्चिमेला आहे, तिथून रिक्षा करावी लागते.

## ४. खोली निवडणं: 'बीच' या शब्दाने फसू नका

इथे माझ्या ओळखीतल्या दोन कुटुंबांची सहल बिघडली. दोघांनी 'बीचजवळ' वाचून खोली घेतली. एक जण पोचले सेरेनिटी बीचला, शहराच्या उत्तरेला काही किलोमीटर, तमिळनाडूच्या हद्दीत. दुसरे पॅराडाइज बीचच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला चुन्नांबारच्या बोट क्लबकडे. दोन्ही किनारे सुंदर आहेत, पण पहाटे साडेपाचला तिथून बीच रोडवर यायचं तर रिक्षा शोधण्यापासून सुरुवात. दोघांचाही सूर्योदय हुकला.

बीच रोड, प्रॉमेनेड बीच आणि रॉक बीच ही तिन्ही नावं एकाच जागेची आहेत. खोली घेताना नकाशावर गांधी पुतळा शोधा आणि तिथून चालत किती मिनिटं लागतात ते पाहा. दहा-बारा मिनिटांच्या आत हवं. जुन्या शहरातून उत्तर-दक्षिण एक कालवा जातो. त्याच्या पूर्वेला फ्रेंच वस्ती, पश्चिमेला तमिळ वस्ती. पूर्वेकडच्या खोल्या महाग असतात. कालवा ओलांडून लगेच पश्चिमेला घेतली तरी समुद्र चालण्याच्या अंतरावरच राहतो, आणि जेवणाची सोय पश्चिमेला अधिक स्वस्त आणि चांगली. मला पश्चिमेची बाजूच आवडते.

तपासा: खोलीवाल्याला दोन प्रश्न विचारा. पहाटे पाचला दार उघडं मिळेल का? जुन्या घरांमधल्या लहान लॉजना रात्री कुलूप असतं. आणि गाडी असेल तर ती कुठे लावायची? व्हाइट टाउनच्या अरुंद रस्त्यांवर जागा मिळणं कठीण, आणि संध्याकाळी सहानंतर तर प्रश्न आणखी वाढतो (पाहा टप्पा ९).

## ५. आदल्या रात्रीची पिशवी

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते पहाटे अंधारात शोधायला लागू नये.

- पायात पकड असलेली, मागे पट्टा असलेली सँडल. रबरी चपला नकोत, ओल्या दगडावर त्याच घसरवतात.
- पाण्याची बाटली घरून आणलेली, माणशी किमान अर्धा लिटर.
- टोपी आणि सनस्क्रीन. पहाटे निघताना विनोदी वाटेल, साडेसातला गरज पडते.
- सुटे पैसे. फेरीवाले क्यूआर कोड ठेवतात, पण गर्दीच्या संध्याकाळी नेटवर्क अडखळतं.
- एक मऊ फडकं आणि थोडं गोडं पाणी, चष्म्यासाठी आणि कॅमेऱ्याच्या भिंगासाठी.

शेवटच्या वस्तूबद्दल थोडं अधिक. दगडांवर लाट फुटली की खारे तुषार हवेत राहतात आणि दहा मिनिटांत काचेवर धूसर थर बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसला तर मिठाचे कण काच ओरखडतात. आधी फुंकर, मग ओलसर फडकं, मग कोरडं. मोबाइलच्या भिंगालाही हेच लागू. फोटो धूसर आले म्हणून फोनला दोष देतात, बहुतेक वेळा तो मिठाचा थर असतो.

## ६. पहाटेची फेरी

सूर्योदयाच्या चाळीस मिनिटं आधी रस्त्यावर असा. या फेरीत पुढचा क्रम मोडू नका, कारण प्रत्येक ठिकाणचा उजेड थोडाच वेळ टिकतो.

उत्तरेकडून सुरुवात. सचिवालयाच्या बाजूने रस्त्यावर या. या वेळी वाहनं नसतात. संध्याकाळी सहा ते सकाळी साडेसात हा रस्ता वाहनांना बंद असतो. चालणारे, धावणारे, योगासनं करणारे आणि कठड्यावर नुसते बसलेले म्हातारे, एवढीच गर्दी. दक्षिणेकडे तोंड केलंत की समुद्र डाव्या हाताला.

युद्धस्मारकापासून गांधी पुतळ्यापर्यंत सावकाश. फ्रेंच युद्धस्मारक, पुढे १८३६ साली पेटलेलं जुनं दीपगृह, मग उंच नक्षीदार दगडी खांबांनी वेढलेला चार मीटरचा गांधी पुतळा. सूर्य वर येईपर्यंत इथवर पोचलात तर वेळ बरोबर जमली. पुतळ्याजवळ गर्दी असेल तर शंभर पावलं पुढे जा, क्षितिज तितकंच मोकळं मिळतं.

सूर्य वर आला की पाठ फिरवा. हे कोणी करत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे. सगळे जण सूर्याचे फोटो काढत राहतात आणि माणसांचे चेहरे काळे येतात, कारण उजेड मागून असतो. सूर्य क्षितिजावर आल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं समुद्राकडे पाठ करून शहराकडे पाहा. पिवळ्या-पांढऱ्या इमारतींवर समोरून कोवळं ऊन पडतं. घरच्यांना इमारतींच्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून उभं करा. संध्याकाळी हेच दर्शनी भाग सावलीत काळवंडतात, तेव्हा हा फोटो मिळत नाही.

दक्षिण टोकापर्यंत. वाटेत समुद्राच्या बाजूला ल कॅफे लागतं. तिथे आधी थांबू नका, परतीला थांबा. पुढे नोत्र दाम देझांज चर्च आणि त्यासमोर जोन ऑफ आर्कचा पुतळा, आणि दक्षिण टोकाला फ्रेंच गव्हर्नर डुप्लेचा पुतळा. जुन्या लेखांत "धक्क्यावर चालत जा" असं लिहिलेलं सापडेल. त्या जुन्या धक्क्याचा मोठा भाग मार्च २०२२ मध्ये कोसळला. उरलेल्या भागावर किंवा खांबांवर चढायचा प्रयत्न करू नका.

सात वाजून वीस मिनिटांनी रस्त्याच्या मधून बाजूला या. साडेसातला वाहनं सोडतात आणि ती एकदम येतात. लहान मुलं दोन तास मोकळ्या रस्त्यावर बागडलेली असतात, त्यांना हा बदल कळत नाही. आधीच हात धरा.

## ७. दगड आणि पाणी: इथे माणसं बुडालेली आहेत

हा टप्पा सगळ्यात काळजीपूर्वक वाचावा.

या किनाऱ्याची मूळ वाळू बंदराच्या बांधकामानंतर वाहून गेली. वर्षातला बराच काळ वाळू किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. बंदराच्या भिंतींनी ती अडवली आणि उत्तरेकडचा भाग उघडा पडला. रस्ता वाचवायला मोठमोठे काळे दगड टाकले, तेच आज दिसतात. अलीकडच्या वर्षांत पाण्याखाली अडथळा बसवून सचिवालयाजवळ वाळूचा पट्टा पुन्हा तयार झाला आहे. तो पाहून लोकांना वाटतं, पोहायची सोय झाली.

पोहायची सोय झालेली नाही. आपल्याकडच्या उथळ किनाऱ्यांवर शंभर पावलं आत गेलं तरी पाणी गुडघ्याला लागतं. इथे तळ लवकर खोल होतो, लाट अगदी काठावर फुटते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला मोठा माणूसही त्या ओढीने खाली बसतो, आणि पुढची लाट अंगावर येते. पट्टीचे पोहणारेही यात सापडतात. पाय ओले करायचे तर घोट्यापर्यंत, मुलाचं मनगट धरून (बोटं नव्हे), आणि समुद्राकडे पाठ न करता.

दगडांवर उतरायचा मोह होतोच. नियम सोपा आहे: ओल्या दगडावर पाय ठेवायचा नाही. दगड ओला आहे म्हणजे लाट तिथवर येते, आता येत नसली तरी. लाटा सारख्या उंचीच्या नसतात. लहान लाटांच्या रांगेनंतर तीन-चार मोठ्या येतात आणि मध्ये बराच वेळ जाऊ शकतो. म्हणून जवळ जाण्याआधी दहा मिनिटं वरून नुसतं पाहा आणि सगळ्यात मोठी लाट कुठवर पोचली ते ठरवा. दगडांमधल्या फटी खोल आहेत, त्यात घसरलेला पाय सहज मोडतो. शेवाळ लागलेला भाग काळ्या दगडावर दिसतही नाही.

इशारा: कोणी पाण्यात ओढलं गेलं तर मागोमाग उडी मारू नका. वाचवायला गेलेलाच दुसरा बुडतो. तरंगेल असं काहीही फेका, रिकामी बंद बाटली, झाकण लावलेला डबा, दोर. आरडाओरडा करून पोलिसांना बोलवा आणि ११२ लावा. एका माणसाने त्या डोक्यावरची नजर हलवायची नाही, लाटांमध्ये डोकं क्षणात हरवतं.

इशारा: पुदुच्चेरीत दारू सहज मिळते, म्हणून मित्रांचे गट येतात. प्यायलेल्या माणसाला रात्री दगडांकडे जाऊ देऊ नका, गोड बोलून का होईना खोलीवर न्या. परतीला तमिळनाडूच्या हद्दीवर गाड्या तपासतात, बाटल्या सोबत ठेवू नका.

तपासा: हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. इशारा असेल किंवा बंदरावर बावटा चढलेला असेल, तर त्या दिवशी कठड्याच्या आतूनच समुद्र पाहा.

## ८. दिवस: साडेआठ ते साडेचार रस्ता सोडा

पुदुच्चेरीत माध्यान्ह बारा वाजून दहाच्या आसपास, मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी. त्यामुळे आठचं ऊन आपल्या साडेआठच्या उन्हासारखं लागतं. २१ एप्रिल आणि २१ ऑगस्टच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि दुपारी सावली पायाखाली जाते. समुद्रावरच्या वाऱ्यामुळे घाम वाळतो आणि आपल्याला तापत नाही असं वाटतं. संध्याकाळी डोकं दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.

न्याहारीनंतर समुद्राला समांतर आतल्या रस्त्यांवर वळा: रू द्यूमा, रू रोमाँ रोलाँ, रू सुफ्राँ. घरांच्या आणि झाडांच्या सावलीतून दहापर्यंत चालता येतं. लोक इथे घरांच्या दारात बसून फोटो काढतात. ती राहती घरं आहेत. दार उघडं दिसलं तरी आत डोकावू नका, पायरीवर बसण्याआधी विचारा.

श्री अरविंद आश्रमात सकाळी आठ ते बारा आणि दुपारी दोन ते सहा जाता येतं. आत पूर्ण मौन, फोन बंद, तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. हे दारात कळलं की आई-वडिलांपैकी एक जण बाहेर राहतो, म्हणून आधीच पाळी ठरवा. शेजारचं मनकुल विनायगर मंदिर दुपारी बंद असतं. जुने लेख वाचून मुलांना तिथली हत्तीण दाखवायचं कबूल करू नका. ती हत्तीण, लक्ष्मी, ३० नोव्हेंबर २०२२ ला मरण पावली.

दुपारी झोपा. पहाटे पाचला उठलेली मुलं संध्याकाळी किरकिर करतात ती झोपेपायी, आणि मोठ्यांचंही तेच होतं.

## ९. संध्याकाळ: आधी गाडी, मग समुद्र

साडेचार-पाचनंतर इमारतींची सावली रस्त्यावर येते आणि चालणं सुसह्य होतं. सहाला अडथळे लावून रस्ता वाहनांना बंद करतात. नेमकी चूक इथे होते: पावणेसहाला लोक गाडी घेऊन बीच रोडवर येतात, जागा शोधत फिरतात आणि सहाला अडकतात. गाडी खोलीवरच सोडा आणि चालत या. चालणं शक्य नसलेले आजी-आजोबा असतील तर साडेपाचच्या आत रिक्षाने गांधी पुतळ्याजवळ उतरवा. रिक्षावाल्याला 'गांधी सिलै' म्हटलं की पुरतं. सिलै म्हणजे पुतळा. परतीला रिक्षा बीच रोडवर मिळणार नाही, आतल्या आडव्या रस्त्याच्या तोंडापर्यंत चालावं लागेल. त्यांची बसायची जागा त्या हिशेबाने निवडा, रस्त्याच्या टोकाला नको.

कुटुंब मोठं असेल तर चुकामूक झाल्यास भेटायची जागा ठरवा. सगळे जण गांधी पुतळा सांगतात, आणि सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते. त्याऐवजी जुनं दीपगृह ठरवा. उंच आहे, दुरून दिसतं. लहान मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

खाण्याचं थोडक्यात. किनाऱ्यावर सुंडल मिळतं: शिजवलेले वाटाणे किंवा हरभरे, त्यावर ओलं खोबरं आणि कैरी. गरम आणि समोर वाढलेलं घ्या. बज्जी तळणीतून काढताना दिसली तरच. कापून ठेवलेली फळं मी घेत नाही, विशेषतः उन्हाळ्यात. पोटभर जेवण मात्र कालव्याच्या पश्चिमेला.

फेरीवाल्यांशी चार शब्द तमिळ बोललात तर वागणं लगेच सैल होतं. एव्वळवु म्हणजे किती, वेण्डाम म्हणजे नको, पोदुम म्हणजे पुरे, तण्णी म्हणजे पाणी. पुरुषाला 'अण्णा', बाईला 'अक्का'. अक्का तर आपलीच. हिंदीत मोठ्याने बोलण्यापेक्षा सावकाश इंग्रजी आणि एक 'अण्णा' जास्त चालतं.

अंधार पडला की बहुतेक गर्दी गांधी पुतळ्याभोवती साठते. तुम्ही दक्षिणेकडे सरका. डुप्लेच्या पुतळ्याकडे माणसं कमी होत जातात, लाटेचा आवाज ऐकू येऊ लागतो आणि कठड्यावर बसायला जागा मिळते. प्रतिपदा किंवा द्वितीया असेल तर चंद्रोदयाची वेळ पाहून पंधरा मिनिटं आधी बसा, फोनचा उजेड बंद करा. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. क्षितिजावर ढगांचा पट्टा बहुधा असतोच, त्यामुळे दिलेल्या वेळेला चंद्र दिसला नाही तर उठू नका. आणखी दहा-पंधरा मिनिटांनी तो ढगांच्या वर येतो.

तपासा: समुद्राकडे नव्हे, मागे शहराच्या वर वीज चमकताना दिसली तर उठा. जून ते सप्टेंबरमधल्या सरी जमिनीकडून येतात आणि समुद्राकडे पाहत बसलेल्याला कळतही नाही. गडगडाट ऐकू आला की इमारतीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

## १०. हुकलं तर

पहिल्या पहाटे ढग आले, किंवा गजर वाजलाच नाही, तर दुपारी रस्त्यावर जाऊन भरपाई करायचा प्रयत्न करू नका. दुसरी पहाट ठेवा. म्हणून एका रात्रीऐवजी दोन रात्री मिळत असतील तर दोन घ्याव्यात. पहिल्या पहाटे सूर्य दिसला असेल तर दुसऱ्या पहाटे कॅमेरा खोलीत ठेवा आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे चाला. वाळूच्या पट्ट्याच्या उत्तरेला, वैत्तिकुप्पमच्या दिशेने, कोळ्यांच्या होड्या पहाटे परतताना दिसतात. जाळी झटकणं, मासळी वेगळी करणं चाललेलं असतं. तिथे मध्ये उभं राहून अडथळा करू नये, दोर ओलांडू नये, फोटोआधी विचारावं. साडेसातच्या आत परत फिरा, मग ल कॅफेत कॉफी घ्यायला हरकत नाही.